माझ्यातून सगळं हिरवंच दिसायचं

मी एक जुनी रंगीत काच आहे. म्हणायला काच, पण आहे प्लास्टिकची. हातातून पडले तरी फुटत नाही, नुसती थडथडते. मित्रांनो, तुमच्या घरी रंगीत टीव्ही असेल तर तुम्ही मला ओळखणारसुद्धा नाही. पण ज्यांच्याकडे काळापांढरा टीव्ही होता, त्यांच्या पडद्यापुढे दोन रबरांनी अडकवलेली माझी एखादी बहीण तुम्ही पाहिली असेल. वरचा पट्टा निळा, मधला नारिंगी, खालचा हिरवा. का, तर चित्रात वर आभाळ असतं, मध्ये माणसांची तोंडं असतात आणि खाली गवत असतं! हे ज्यानं कोणी ठरवलं, तो बिचारा उन्हाळ्यात घोडेगावला कधी आला नसावा.

मुंबईकडच्या एका कारखान्यात मला गरम रुळांमधून पापडासारखं लाटलं, रंग दिले, कातरलं आणि पन्नास बहिणींबरोबर एका गठ्ठ्यात बांधलं. किती दाटीवाटीनं बसलो होतो आम्ही! तेव्हा मला त्या गर्दीचा राग यायचा. पुढे त्याच गर्दीची मला फार आठवण आली.

आमचा गठ्ठा छगन नावाच्या फेरीवाल्यानं घेतला आणि नगर जिल्ह्यात, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आणला. एका बाजूला कासरे, दुसऱ्या बाजूला घुंगरांच्या माळा आणि मध्ये दोरीवर आम्ही! "ब्लॅक अँड व्हाइट असंल तर कलर करून घ्या!" छगन ओरडायचा.

एक म्हातारा शेतकरी थांबला. मला डोळ्यांना लावून त्यानं आपल्या म्हशीकडं पाहिलं आणि म्हणाला, "आरं, हिच्या तोंडाला लाव की एक, जर्सी गाय होती का बघू!"

सगळा बाजार हसला. मलाही हसू आलं. त्या हसणाऱ्यांत एक सरळ भांगाचा, बारीक माणूस होता. त्यानं मला विकत घेतलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं. त्यांचं नाव अमृतराव. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते ड्रेसर होते, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचे. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ते आणि त्यांची मुलगी दीपा, दोघंच राहत. दीपाची आई नर्स होती आणि तिची नेमणूक पार पारनेर तालुक्यात. ती रविवारी यायची आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायची.

दीपा नववीत होती. नवं गाव, नवी शाळा. बाकावर तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. कुणी भांडलं होतं असं नाही, फक्त सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या होत्या. शाळेतून आली की ती दप्तर टाकायची आणि टीव्हीसमोर बसायची. तिचं मन रमावं म्हणून पप्पांनी मला आणलं होतं.

पहिल्या दिवशी काय कौतुक झालं माझं! शेजारपाजारची पाच-सात माणसं बघायला आली. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं, नाक नारिंगी आणि पदर हिरवा! "लई भारी!" सगळे म्हणाले. आठ दिवसांनी कुणी फिरकलंसुद्धा नाही. राहिलो आम्ही तिघं: दीपा, टीव्ही आणि मी.

माझी एक अडचण मी तुम्हाला सांगते. माझी पाठ कायम पडद्याला लागलेली आणि तोंड खोलीकडे. त्यामुळे टीव्हीवर काय चाललंय ते मला कधीच दिसायचं नाही. मला दिसायचे फक्त बघणाऱ्यांचे चेहरे. सगळी चित्रं माझ्या अंगातून जायची, पण त्यातलं एकही माझ्या वाट्याला यायचं नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी हिंदीत बोलणारी एक जपानी मालिका लागायची. बाकी मुलींना रविवारचा सिनेमा आवडायचा, पण आमची दीपा त्या मालिकेची वेडी! तिच्यातली सायोको एका खेड्यात माग चालवायची. तिचा नवरा ताकेओ मासेमारीच्या बोटीवर. मी दोघांनाही पाहिलं नव्हतं, पण दीपाच्या तोंडावर मला दोघंही दिसायचे. ताकेओ आला की ती उशी छातीशी घट्ट धरायची. "पप्पा, तो हसला ना की त्याचे डोळे बंदच होतात! आपल्या एका तरी हिरोला जमतं का असं?" सायोको रडली की ही ओढणी तोंडात कोंबायची. पप्पांना चहा देताना कमरेत वाकायची. एकदा तर दोन पेन्सिलींनी शेवया खायला बसली आणि अर्ध्या शेवया ओढणीवर!

आणि एका गुरुवारी ती ताडकन उठलीच. "पप्पा! पप्पा, लवकर या! तिच्या घरात पण बुद्ध आहे! अगदी आपल्यासारखा!"

पप्पा हातातलं औषधाचं खोकं घेऊनच आले. आमच्या भिंतीवरही बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बुद्धांचा फोटो होता. दीपा एकदा पडद्याकडे बघायची, एकदा भिंतीकडे. "म्हणजे जपानात आपलेच लोक आहेत," ती म्हणाली. त्या दिवसापासून सायोको तिला नात्यातलीच वाटू लागली. वर्गात जे कुणी विचारलं नाही ते सगळं ती गुरुवारी सायोकोला सांगायची, म्हणजे खरं तर मलाच. मी ऐकायची. पण मला बोलता कुठे येत होतं?

अशाच एका गुरुवारी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साळूबाई. बाजार उठला की जनावरांचं शेण गोळा करून त्या गोवऱ्या थापायच्या. हातात पाटी, मनगटात हिरव्यागार बांगड्या.

"कोन रडतंय गं एवढं?" त्यांनी विचारलं.

"सायोको. तिचा नवरा बोटीवर गेलाय मावशी, आणि वादळ आलंय."

"आगं बया! मंग?"

"आत या ना. बसा."

"पाय शेनाचे हायती माजे," असं म्हणत त्या उंबऱ्याशीच टेकल्या. दुसऱ्या गुरुवारी पाय धुऊन आल्या आणि आत बसल्या. हिंदी त्यांना कळायचं नाही, म्हणून दीपा एकेक वाक्य मराठीत सांगायची. सायोकोचं नाव त्यांच्या तोंडात बसेना. त्या तिला सायू म्हणायच्या. "सायूची सासू लई खवाट हाय बग! माज्या सासूची भन शोभंल!" आणि दोघी खिदळायच्या. मित्रांनो, त्या खोलीत मी पहिल्यांदाच एवढं हसू ऐकत होते.

साळूबाईंची गोष्ट हळूहळू कळली. त्यांचे मालक बन्सी सात वर्षांपूर्वी बैलांच्या ट्रकबरोबर दक्षिणेकडे गेले होते. ट्रक परत आला. बन्सी आले नाहीत. कुणी म्हणे आजारी पडले, कुणी म्हणे तिकडेच राहिले. साळूबाई कपाळाला कुंकू लावत होत्या, बांगड्या भरत होत्या आणि वाट बघत होत्या. त्यामुळे ताकेओची बोट परत आली नाही तेव्हा दीपापेक्षा त्याच जास्त गप्प झाल्या.

पुढच्या गुरुवारी नेमकी मालिका सुरू होताना लाईट गेली. दोघी अंधारात बसून राहिल्या, पण लाईट आली ती मालिका संपल्यावर. त्याच्या पुढच्या गुरुवारी सायोको काही बोलतच नव्हती. नुसती बुद्धासमोर बसायची, नाहीतर माग चालवायची.

"काय झालं असंल गं?" साळूबाईंनी विचारलं.

दीपा पडद्याच्या अगदी जवळ आली. तिचा श्वास माझ्या अंगावर आला. "काही सांगत नाहीत मावशी. पण बघा, अंगात हिरवंच आहे तिच्या."

साळूबाई गुडघ्यांवर पुढं सरकल्या. "व्हय की! हिरवं सोडलं न्हाई पोरीनं. मंग जित्ता हाय तो. बाई उगा हिरवं नेसत न्हाई."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, "अगं बायांनो, ते हिरवं तिचं नाही! ते माझं आहे! माझ्या खालच्या पट्ट्यातून सगळ्या जगाच्या कपड्यांना हाच रंग लागतो!" पण दोघींच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं की, खरं सांगू? ओरडता आलं असतं तरी मी ओरडले असते की नाही, कोण जाणे. त्यानंतर दर गुरुवारी साळूबाईंचा पहिला प्रश्न एकच असायचा: "हिरवं हाय ना?" आणि दीपा म्हणायची, "आहे मावशी."

असे दोन महिने गेले. मालिकेत ताकेओचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग एक नवल झालं. वर्गातल्या भारतीनं दीपाच्या वहीचं शेवटचं पान पाहिलं. त्यावर सायोकोचं नाव वीस वेळा लिहिलेलं होतं. "अय्या, तू पण बघतेस?" भारतीच्या वडिलांचं हायवेवर मशिनरीचं दुकान होतं, घरात रंगीत टीव्ही आणि लाईट गेली तर जनरेटर. तिनं दीपाला गुरुवारी घरी बोलावलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं होतं! दीपा दोन वेण्या घालून, नवी ओढणी घेऊन गेली. त्या गुरुवारी साळूबाई पाय धुऊन आल्या आणि पप्पांनी सांगितल्यावर दारातूनच परत गेल्या.

दीपा घरी आली. चप्पलही न काढता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आवडलं का गं रंगीत?" पप्पांनी विचारलं.

"पप्पा, ती हिरव्यात नाहीच. राखेच्या रंगाचं घालते ती. आधी म्हणे लाल फुलाफुलांचं घालायची." तिनं नवी ओढणी काढून बाजूला टाकली. "भारती हसली मला. म्हणाली, अगं मेला ना तो! पत्र आलं होतं की! आपली लाईट गेली होती तो भाग."

"नाटक आहे बेटा ते."

"साळूमावशींना नाटक नाही ना पप्पा ते!"

पप्पा पुढं आले. त्यांनी आपल्या खांद्यावरच्या टॉवेलनं मला पुसलं, जणू मी धुळीनं हिरवी झाले होते.

त्या आठ दिवसांत दीपा दोनदा बाजारतळावर गेली, असं ती माझ्यापुढे बसून म्हणाली. दोन्ही वेळा साळूबाईंना नुसती हात करून परत आली. "सांगितलं तर त्या यायच्याच नाहीत. मग मी कुणाला सांगू गोष्ट?" ती विचारत होती. मी तिचं ऐकत होते आणि मला वाटत होतं, या घरातलं खोटं बोलणारं एकच आहे आणि ते समोर अडकवून ठेवलंय.

गुरुवार आला. साळूबाई लवकरच आल्या, पण बसल्या नाहीत. त्यांचा आवाज चढलेला होता.

"आमच्या दिराच्या, भिमाजीच्या लेकीची हळद हाय रविवारी. दीर म्हंतो, सात वर्सं झाली, बांगड्या उतरव. हळदीला तू कोन म्हनून बसनार, सवाशीन का रांडाव? लोकं हसत्यात म्हनं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हननार! म्हनलं, तिकडं जपानात बी एक बाई थांबलीय. तिच्या मानसाचा पत्त्या न्हाई, तरी तिनं हिरवं सोडलं न्हाई. मंग मी का सोडू?" त्या खाली बसल्या आणि पदरानं मान पुसली. "लाव बाय टीव्ही. हिरवं हाय ना?"

दीपानं उठून टीव्ही लावला, मालिकेचं संगीत सुरू झालं. मग तिनं एका हातानं माझं डावं रबर सोडवलं, मग उजवं. मी थडथडले. तिनं मला समोरच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा पडदा पाहिला.

सायोको मागापुढे बसली होती. किती लहान होती ती! दीपापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. अंगात फिकट राखाडी. तिच्या आसपास कुठेही हिरवं नव्हतं.

दीपा साळूबाईंना चिकटून बसली.

"मावशी, तो गेलाय. बुडाला. लाईट गेली होती ना, त्या दिवशी पत्र आलं होतं."

"आन् हिरवं?"

"काचेचं होतं ते."

"तुला कवा कळलं?"

"मागच्या गुरुवारी."

"आट दिस गप ऱ्हायलीस?"

"व्हय," दीपा म्हणाली. इतके दिवस ती शाळेतलं मराठी बोलायची. त्या दिवशी तिच्या तोंडून हेच आलं.

साळूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. माग खटखट करत होता. मग त्यांनी विचारलं, "चिट्टी कुनी लिवली हुती?"

"बोटीच्या मालकानं."

"नाव हुतं त्येच्यात? त्या ताकेवचं?"

"भारती म्हणाली, होतं. कुठे सापडला तेही होतं."

"मंग रंग सोडला ते बराबर केलं तिनं," साळूबाई म्हणाल्या. "तिला कुनीतरी लिवून कळीवलं. मला कुनी कळीवलं? ट्रकवाल्यानं न्हाई, भिमाजीनं न्हाई. नुसतं उतरव म्हंत्यात. चिट्टी यिऊंदी, नाव यिऊंदी, मी माज्या हातानं उतरवीन. तवर न्हाई." आणि मग जरा हळू, "सायूच्या भरवश्यावर बसलेले मी. येडीच की."

त्या उठल्या. दीपानं त्यांचा पदर धरला. "मावशी, पुढच्या गुरुवारी…"

"बगू," एवढंच म्हणून त्या गेल्या.

 पप्पांनी हळूच टीव्ही बंद केला.

रविवारी हळदीला साळूबाई बांगड्या भरूनच गेल्या. भिमाजीला म्हणाल्या, "कागद दाखव, मंग बोल." कुणी त्यांना हळद लावू दिली नाही. त्या मांडवाच्या कडेला बसल्या, जेवल्या नाहीत आणि घरी आल्या. हे पप्पांनी दवाखान्यात ऐकलं आणि दीपाला सांगितलं. दीपा जेवता जेवता उठून गेली.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत. दोन्ही दिवस दीपा टीव्ही लावून पडद्याऐवजी दाराकडे बघत होती. भारतीनं पुन्हा बोलावलं होतं, पण ती गेली नाही. मला तिनं कपाटामागे सरकवलं होतं, तिथल्या फटीतून मला तिचा अर्धाच चेहरा दिसायचा.

तिसऱ्या गुरुवारी उंबऱ्यावर पाटी ठेवल्याचा आवाज आला.

"दीपे, सायूचं पुढं काय झालं गं?"

दीपाच्या त्या अर्ध्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते माझ्या तिन्ही पट्ट्यांना मिळूनही दाखवता आलं नसतं. "या ना मावशी! तिनं स्वतःचा माग घेतला! आणि सासूला ऐकवलं बरं का, चांगलं ऐकवलं!"

"ऐकवायलाच पायजे हुतं त्या सटवीला," म्हणत साळूबाई आत आल्या.

मला कुणी पुन्हा लावलं नाही. कपाटामागे जवळजवळ वर्ष गेलं. कोळ्यानं माझ्या निळ्या पट्ट्यावर घर केलं, नारिंगी पट्ट्यावर ओरखडे आले. कौतुकाचे आठ दिवस संपले तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान कुणीतरी माझ्यातून बघत होतं.

मग पप्पांची बदली झाली, पारनेरला, दीपाच्या आईजवळ. टेम्पोत सामान चढलं. कपाट हललं आणि मी धाडकन खाली पडले. साळूबाई निरोप द्यायला आल्या होत्या. त्यांनी मला उचललं.

"ही टाकायची का?"

दीपा लाजली. "तिच्यामुळंच सगळं झालं मावशी. टाका."

"तिचा काय दोस? जशी केली तशी हाय ती. माज्या खिडकीला लाकूड न्हाई, वारा लई येतो. नेते."

तेव्हापासून मी साळूबाईंच्या खोपटाच्या खिडकीत आहे, चार खिळ्यांवर. समोर बाजाराकडं जाणारा रस्ता. मधूनमधून दीपाचं पत्र येतं. साळूबाईंना वाचता येत नाही, म्हणून दीपानं जाताना सांगून ठेवल्याप्रमाणे भारती सायकलवरून येऊन वाचून दाखवते आणि मग दोघी सायोकोवरून वाद घालत बसतात. भारती गेली की खोपटात पुन्हा शांत होतं. साळूबाई कधीकधी माझ्यापाशी येऊन बाहेर बघतात. माझ्यातून तो रस्ता हिरवा दिसतो. त्या थोडा वेळ बघतात. मग दार उघडतात आणि उंबऱ्यात उभ्या राहून तोच रस्ता पुन्हा बघतात, धुळीच्या खऱ्या रंगाचा. अजून कुणाची चिठ्ठी आलेली नाही. बांगड्या हातात आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्या घरात असतील. त्यांना कोपऱ्यात फेकू नका. आम्हाला खरं-खोटं कळत नाही, आम्ही आपले जसे केले तसे असतो. पण तुम्हाला कळतं. म्हणून एवढीच विनंती. कुणी फार आशेनं तुम्हाला "हिरवं आहे ना?" असं विचारलं, तर घाबरू नका, जे आहे ते सांगा. फक्त सांगून लगेच उठू नका. थोडा वेळ जवळ बसा.